टंकलेखन ते सर्व्हर: चंद्रपूर-गडचिरोलीतील प्रमाणपत्रांची वाटचाल

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत सर्व्हर सांभाळण्याचा पेशा उशिरा आला. प्रमाणपत्र मिळवून नोकरीच्या रांगेत उभे राहण्याची रीत मात्र त्याच्या कितीतरी आधीची आहे. आज इथला एखादा मुलगा किंवा मुलगी सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होण्यासाठी कोणती परीक्षा आधी द्यावी आणि कोणती नंतर, याचा हिशेब मांडते, तेव्हा त्या हिशेबात तीन पिढ्यांच्या सवयी मिसळलेल्या असतात. टायपिंगची परीक्षा, आयटीआयचा ट्रेड, एमएस-सीआयटी आणि कंपन्यांची आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रे एकामागून एक आली. नवे आले म्हणून जुने गेले, असे मात्र क्वचितच घडले.

२६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही जिल्हे मिळून एकच जिल्हा होता. पूर्वी त्याचे नाव चांदा होते आणि वयस्कांच्या बोलण्यात ते अजूनही येते. विभाजनात कोळसा, कागद आणि वीज चंद्रपूरकडे राहिली, तर गडचिरोलीच्या वाट्याला बहुतांश जंगल आले. बल्लारपूरची पेपर मिल, वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी, भद्रावतीची ऑर्डनन्स फॅक्टरी आणि १९८० च्या दशकात सुरू झालेले दुर्गापूर-ऊर्जानगरचे महाऔष्णिक वीज केंद्र यांमुळे चंद्रपुरात तांत्रिक नोकऱ्या होत्या. गडचिरोलीत नोकरी म्हणजे मुख्यतः सरकारी नोकरी: जिल्हा परिषद, महसूल, वनविभाग, पोलीस, शाळा. या फरकाचा परिणाम पुढे कोणी कोणते प्रमाणपत्र घ्यायचे यावरही झाला.

कारकुनी नोकरीचे पहिले दार टायपिंग इन्स्टिट्यूटमधून उघडत असे. राज्याची शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद पुण्याहून घेते. मराठी तीस, इंग्रजी तीस, इंग्रजी चाळीस अशी तिची बोलीभाषेतली नावे, म्हणजे मिनिटाला तेवढे शब्द. बसस्टँडजवळच्या एखाद्या माडीवर रेमिंग्टन, गोदरेज किंवा फॅसिटची यंत्रे ओळीने मांडलेली असत आणि विद्यार्थी तासाच्या हिशेबाने बसत. सुरुवातीचे काही आठवडे मधल्या ओळीवर डाव्या-उजव्या हाताची बोटे बसवण्यातच जात. परीक्षेच्या दिवशी इन्स्टिट्यूटची यंत्रे हातगाडीवरून केंद्रावर न्यावी लागत आणि वाटेत एखादी कळ अडकली तर त्याची चिंता उमेदवारालाच असे. पेपरात वेगाचा उतारा, पत्र आणि रकान्यांचा तक्ता असे. तक्ता सगळ्यांत अवघड, कारण रकाने कागदावर मावतील की नाही हे आधी मनात मोजावे लागे. हे मोजणे म्हणजे मांडणीचे नियोजनच होते आणि पुढे स्प्रेडशीटवर बसलेल्या कारकुनांना त्याचा उपयोग झाला.

या परीक्षेची दोन वैशिष्ट्ये लक्षात ठेवण्याजोगी आहेत. एकदा पास झाले की प्रमाणपत्र आयुष्यभर चाले. दुसरे म्हणजे त्याच्या पलीकडे पद ठरलेले असे: लिपिक-टंकलेखक. आजही गट-क पदांच्या जाहिरातीत मराठी ३० किंवा इंग्रजी ४० ही अट दिसते. फरक इतकाच की परीक्षा आता संगणकावर होते आणि लोखंडी यंत्रांवरची परीक्षा २०१७ च्या सुमारास थांबली. प्रमाणपत्र म्हणजे कायमची पावती आणि पावतीवर मिळणारी खुर्ची, ही समजूत दोन्ही जिल्ह्यांत इथूनच रुजली. सर्व्हरच्या जगात या समजुतीचे दोन्ही भाग खोटे ठरतात.

संगणक आले ते प्रमाणपत्राची वाट न पाहता. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, १९७६ मध्ये स्थापन झाले आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने निकनेट हे उपग्रहावर चालणारे जाळे जिल्ह्यांपर्यंत नेले. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या छतावर तबकडी आणि खाली वातानुकूलित खोलीत एक-दोन पीसी, असे त्याचे रूप होते. जंगलातून तारा ओढण्यापेक्षा आकाशातून दुवा साधणे सोपे आणि स्वस्त होते, त्यामुळे गडचिरोलीसारख्या नव्या जिल्ह्याला हे तंत्र चांगलेच लागू पडले. ती खोली सांभाळणारा जिल्हा सूचना-विज्ञान अधिकारी केंद्र सरकारच्या सेवेतला असे आणि बहुधा बाहेरून आलेला असे. जिल्ह्यातला पहिला सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर तोच, जरी त्याच्या पदनामात हे शब्द नसले तरी. वापरणाऱ्यांची खाती उघडणे, फ्लॉपीवर आणि पुढे टेपवर बॅकअप घेणे, प्रिंटर चालू ठेवणे आणि निवडणुकीच्या रात्री आकडे मुंबई-दिल्लीला पोहोचवणे, हे सगळे त्याच्याकडेच असे.

बँकांचा अनुभव वेगळा आणि जास्त बोलका आहे. रंगराजन समितीने १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाची दिशा आखून दिली. त्यानंतरच्या वर्षांत मोठ्या शाखांत युनिक्सवर चालणारी यंत्रे आली. शाखेचा सर्व्हर शाखेतच असे, त्यामुळे त्याला सांभाळणारा माणूसही शाखेतच लागे. तो बाहेरून भरती होत नसे. शाखेतलाच एखादा अधिकारी किंवा लिपिक निवडून थोडे दिवस प्रशिक्षणाला पाठवत आणि परत आला की तो सिस्टीम अ‍ॅडमिन. संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर दिवसअखेरचा प्रोग्राम चालवायचा, शिल्लक जुळली की बॅकअपची टेप काढून तिजोरीत ठेवायची आणि ती जुळेपर्यंत घरी जायचे नाही. या लोकांकडे खातेवहीचे ज्ञान पक्के होते आणि युनिक्सच्या पंधरा-वीस आज्ञा तोंडपाठ होत्या. प्रमाणपत्र कोणाकडेच नव्हते. पुढे कोअर बँकिंग आले, सर्व्हर दूरच्या डेटा सेंटरमध्ये गेले आणि शाखेतली ही जागाच संपली. जिल्ह्याला त्याचे दुःख व्हायला हवे होते, पण कोणी ते बोलून दाखवले नाही. शिकता शिकता अ‍ॅडमिन होण्याची एक चांगली शाळा बंद झाली होती.

प्रमाणपत्राची पहिली शिस्तबद्ध पायरी १९९० मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आणली. तिचे नाव डोएक. ओ, ए, बी आणि सी अशा चार पातळ्या होत्या: ओ म्हणजे पायाभूत पदविकेच्या तोडीची, बी म्हणजे एमसीएच्या तोडीची. कॉलेजात न जाता, नोकरी करता करता, एकेक विषय पास होत वर चढता येईल अशी ही रचना होती. सरकारी भरतीत, एनआयसीच्या तांत्रिक पदांसाठीसुद्धा, बी पातळी ग्राह्य धरली जाई. पण तिचे मान्यताप्राप्त वर्ग शहरांत होते. गडचिरोलीतल्या सिरोंचा किंवा एटापल्लीच्या मुलाला ओ लेव्हल म्हणजे आधी खोली भाड्याने घेणे आणि मग अभ्यास. ती चालवणाऱ्या संस्थेचे नाव २०११ मध्ये नाइलिट झाले, पण लोकांच्या तोंडी अजून डोएकच आहे.

आयटीआयची वाट जास्त लोकांना परवडली. डेटा प्रिपरेशन अँड कॉम्प्युटर सॉफ्टवेअर या नावाचा ट्रेड पुढे कोपा म्हणून ओळखला जाऊ लागला, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट. एक वर्षाचा अभ्यास, वसतिगृहाची सोय असेल तर खर्च नाममात्र आणि शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र. चंद्रपूरच्या बाजूला त्याला एक जोडही होती. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली खाण कंपनी आणि वीज केंद्र कोपाच्या मुलांना अप्रेंटिस म्हणून घेत. वर्षभर विद्यावेतन, खऱ्या कार्यालयाचे खरे जाळे पाहायला मिळणे आणि एखाद्या जुन्या तंत्रज्ञाच्या हाताखाली केबल क्रिंप करायला शिकणे हा त्यातला खरा फायदा होता. गडचिरोलीच्या बाजूला अप्रेंटिस घेणारे मोठे कारखाने जवळजवळ नव्हते. सारखे प्रमाणपत्र, पण दोन जिल्ह्यांमधल्या नदीच्या या काठी त्याची किंमत वेगळी आणि त्या काठी वेगळी, असे वर्षानुवर्षे चालले.

मग एमएस-सीआयटीची लाट आली. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड ही कंपनी ऑगस्ट २००१ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या अभ्यासक्रमाने राज्यभर पाय पसरले. त्याच सुमारास राज्य सरकारने कर्मचाऱ्यांना संगणकाचे ज्ञान सक्तीचे केले आणि ३१ डिसेंबर २००७ ही मुदत घातली. मुदतीत प्रमाणपत्र न मिळवणाऱ्यांच्या वेतनवाढीवर गदा आली. पुढे अनेक शिक्षकांची वसुलीची प्रकरणे न्यायालयापर्यंत गेली. पन्नाशीतले गुरुजी आणि त्यांच्याच माजी विद्यार्थ्यांची मुले एकाच बाकावर माऊस धरायला शिकत होती. केंद्रे तालुक्याच्या गावी निघाली, मोठ्या खेड्यांतही निघाली. अभ्यासाचे साहित्य मराठीत होते, ही गोष्ट इथे फार महत्त्वाची ठरली, कारण गोंडी, माडिया, तेलुगू किंवा बंगाली घरात बोलणाऱ्या मुलाला मराठीच दुसरी भाषा होती, इंग्रजी तर तिसरी. परीक्षेचे ५० गुण केंद्रातल्या कामाचे आणि ५० अंतिम ऑनलाइन परीक्षेचे. प्रमाणपत्रावर राज्य तंत्रशिक्षण मंडळाची मोहोर असे.

एमएस-सीआयटीने या दोन जिल्ह्यांत संगणकाची भीती घालवली, हे निर्विवाद. पण तिने अ‍ॅडमिनिस्ट्रेटर तयार केले नाहीत आणि तो तिचा हेतूही नव्हता. वर्ड, एक्सेल, इंटरनेट यांचा वापर शिकणे हे गाडी चालवायला शिकण्यासारखे. गॅरेजचे काम त्याहून निराळे असते. केंद्रे चालवणाऱ्यांनी मात्र ते काम शिकून घेतले. पंधरा-वीस यंत्रांची लॅब चालू ठेवायची म्हणजे व्हायरस साफ करणे, विंडोज पुन्हा टाकणे, हब आणि स्विचमधला फरक समजणे, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांत पाणी भरणे. तालुक्याच्या गावी ज्याला सगळे "कॉम्प्युटरवाला" म्हणत, त्याने हे सगळे हात काळे करून शिकले. बँकेच्या शाखेतली बंद झालेली शाळा अशा रीतीने वेगळ्या जागी पुन्हा उघडली.

जगात या सुमारास कंपन्यांच्या प्रमाणपत्रांचा बाजार पुरता तापलेला होता. नेटवेअर विकणाऱ्या नोव्हेलने १९८० च्या दशकाअखेर आपल्या इंजिनियरांना प्रमाणित करायला सुरुवात केली होती. मायक्रोसॉफ्टची योजना १९९२ ची. सिस्कोची सर्वोच्च परीक्षा १९९३ मध्ये आणि सर्वांना परिचित सीसीएनए १९९८ मध्ये सुरू झाली. रेड हॅटने १९९९ मध्ये आरएचसीई आणली. विंडोज एनटी ४.० च्या काळात मायक्रोसॉफ्टचे एमसीएसई होण्यासाठी सहा परीक्षा द्याव्या लागत. त्या पर्यायी उत्तरांच्या होत्या, त्यामुळे प्रश्नांचे "डम्प" पाठ करून पास होणाऱ्यांची एक फौज तयार झाली. नोकरी देणाऱ्यांनी लवकरच ओळखले की भिंतीवर प्रमाणपत्र लावलेल्या माणसाला सर्व्हर सुरू करता येईलच असे नाही.

चंद्रपूरच्या मुलासाठी ही वाट नागपूरहून जात असे. दीडशे किलोमीटर, रेल्वेची सोय आणि सीताबर्डी-धरमपेठेतले हार्डवेअर-नेटवर्किंगचे क्लास. गडचिरोली शहराला रेल्वे नव्हती. जिल्ह्याचे स्टेशन म्हणजे देसाईगंज, जुने वडसा. सिरोंच्याचा मुलगा नागपूरकडे तोंड करायचाच असे नाही. त्याला तेलंगण जवळ, भाषाही ओळखीची आणि गोदावरीवर कालेश्वरमकडे जाणारा पूल झाल्यावर हैदराबादचे अमीरपेठ आणखी जवळ आले. लिनक्स आणि नेटवर्किंगच्या वर्गांसाठी ती पेठ देशभर नावाजलेली आहे. परीक्षा केंद्रही या मोठ्या शहरांतच असे. सकाळच्या पेपरासाठी आदल्या दिवशीच निघायचे आणि नापास झाले तर हजारोंच्या घरातली फी, प्रवास, मुक्काम सगळे पाण्यात. म्हणून इथले बहुतेक जण आधी नोकरी शोधत, परीक्षेचे नंतर पाहत.

याच काळात इथल्या संस्थाही वाढल्या. चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ मध्ये सुरू झाले. खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये आणि दोन्ही जिल्ह्यांतली तंत्रनिकेतने होतीच. नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले ते सप्टेंबर २०११ मध्ये. पदवीच्या अभ्यासक्रमात ऑपरेटिंग सिस्टीमचा सिद्धांत असतो, पण बंद पडलेले यंत्र उठवण्याचा सराव थोडाच असतो. ही त्रुटी एका विद्यापीठाची नाही, देशभरचीच आहे.

ग्रामपंचायतीच्या पातळीवर २०११ मध्ये संग्राम प्रकल्प आला. प्रत्येक पंचायतीत एक संगणक, एक प्रिंटर आणि मानधनावरचा एक संगणक परिचालक. त्याच्याकडून दाखले काढण्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो गावाचा अ‍ॅडमिन झाला. ऑनलाइन नोंदींची माहिती जपणे, सरपंच-ग्रामसेवकांच्या डिजिटल सहीचे टोकन चालवणे, लिंक नसेल तर मोटारसायकलवरून तालुक्याला जाऊन डेटा चढवणे, हे त्याचे काम. २०१६ पासून हीच व्यवस्था आपले सरकार सेवा केंद्र या नावाने चालू राहिली. मानधनासाठी परिचालकांना राज्यभर वारंवार आंदोलने करावी लागली, हेही तिच्या इतिहासाचाच भाग. प्रमाणपत्र म्हणून त्यांच्याकडे बहुधा एमएस-सीआयटीच होती.

जाळे पोहोचवण्यातल्या अडचणी इथे खास आहेत. राखीव जंगलातून फायबरची चर खोदायची तर वन संवर्धन कायद्याखाली परवानगी लागते. रस्ता रुंद करताना जेसीबीच्या दाताने तीच केबल तुटते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटायचे, मग दुरुस्तीचे पथकही पोहोचत नसे. नक्षलग्रस्त भागांसाठी केंद्राने २०१४ मध्ये मंजूर केलेल्या योजनेतून बीएसएनएलचे टॉवर उभे राहिले. ते टूजी होते, म्हणजे फोनवर बोलणे जमे, पण धडा पाहणे जमत नसे. ते फोरजी करण्याला मंजुरी मिळाली २०२२ मध्ये. घरी बसून शिकण्याचा विचार दक्षिण गडचिरोलीत इतक्या उशिरा शक्य झाला.

आजची वाट आखताना हा सगळा इतिहास उपयोगी पडतो. पहिली पायरी अजूनही कोपा, पदविका किंवा पदवी. सरकारी फॉर्म भरता यावा म्हणून टायपिंग आणि एमएस-सीआयटीही बहुतेक जण करून ठेवतात आणि त्यात गैर काही नाही. त्यानंतर नेटवर्क: आयपी पत्ता, सबनेट, राउटिंग. सीसीएनएचा अभ्यासक्रम फेब्रुवारी २०२० पासून एकाच परीक्षेत सामावला आहे. ती दिली नाही तरी तिचा अभ्यास टाळून पुढे जाण्यात शहाणपण नाही. मग लिनक्स. मायक्रोसॉफ्टने एमसीएसई ३१ जानेवारी २०२१ रोजी बंद केल्यावर जुन्या पुस्तकांवर आणि जुन्या क्लासच्या पाट्यांवर विसंबणाऱ्यांची फसगत झाली. विंडोजच्या बाजूला आता अ‍ॅझ्युर क्लाउडच्या परीक्षा आहेत.

लिनक्समध्ये रेड हॅटची आरएचसीएसए ही मधली आणि मोलाची पायरी आहे. तिच्यात पर्यायी उत्तरे नाहीत. उमेदवारासमोर चालती यंत्रे ठेवतात आणि तीन तासांत कामे करायला सांगतात: रूट पासवर्ड माहीत नसलेल्या यंत्राचे बूटिंग मध्येच थांबवून आत शिरणे, डिस्कचे भाग पाडून लॉजिकल व्हॉल्यूम वाढवणे, वापरकर्त्यांना हक्क देणे, फायरवॉल उघडणे, ठरलेल्या वेळी आपोआप चालणारे काम लावणे. यंत्र पुन्हा सुरू केल्यावरही प्रत्येक बदल टिकला पाहिजे. कितीतरी तयार उमेदवार इथेच घसरतात, कारण त्या क्षणी चाललेले काम एफएसटॅब या फाइलमध्ये एक ओळ चुकल्याने पुढच्या बूटला यंत्रच अडकवते. इंटरनेट मिळत नाही, यंत्रातली मॅन पाने तेवढी वाचता येतात. उत्तीर्ण होण्याची रेषा ३०० पैकी २१०. पाठांतर इथे कामाचे नाही आणि म्हणूनच नोकरी देणारे या प्रमाणपत्राला मान देतात.

सरावाची सोय स्वस्त झाली आहे. आठ-सोळा जीबी मेमरीच्या जुन्या पीसीवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून दोन-तीन आभासी यंत्रे चालतात. २०२१ पासून रेड हॅट व्यक्तिगत वापरासाठी सोळा यंत्रांपर्यंत विनामूल्य सबस्क्रिप्शन देते आणि सेंटओएस या फुकट लिनक्सची जुनी परंपरा संपल्यावर आलेल्या रॉकी व अल्मा या आवृत्त्याही फुकट आहेत. आयएसओ फाइल मात्र कित्येक जीबीची असते. ती तालुक्याच्या गावी किंवा कॉलेजात एकदा उतरवून पेनड्राइव्हवरून वाटून घेणे हीच इथली रीत आहे.

रेड हॅटची परीक्षा घरून देण्याची सोय २०२० मध्ये आली, पण तिच्या अटी वाचल्या की गडचिरोलीचा उमेदवार पुन्हा नागपूरची गाडी पाहतो. रेड हॅटने दिलेली फाइल टाकून तयार केलेल्या यूएसबीवरून लॅपटॉप बूट करायचा, बाहेरून जोडलेला लांब वायरचा वेबकॅम हवा, खोलीत दुसरे कोणी नको आणि लाइन तीन तास न तुटता चालली पाहिजे. पावसाळ्यात वीज आणि लिंक दोन्हींची खात्री देणारी जागा बऱ्याच तालुक्यांत मिळत नाही. म्हणून अभ्यास घरी आणि परीक्षा शहरात, असा मध्यम मार्ग लोक काढतात.

मुदतीचा प्रश्न इथल्या जुन्या सवयीला सर्वाधिक खटकतो. कॉम्पटिआ या संस्थेची मुख्य प्रमाणपत्रे २०१० अखेरपर्यंत आयुष्यभराची होती. त्यानंतरची तीन वर्षांत संपतात. आरएचसीएसए आणि सीसीएनएही तीन वर्षांच्या, तर अ‍ॅझ्युर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे प्रमाणपत्र एकाच वर्षाचे, ज्याचे नूतनीकरण ऑनलाइन आणि विनामूल्य होते. रेड हॅटमध्ये वरची परीक्षा पास झाल्यास खालच्या प्रमाणपत्राचीही मुदत वाढते. त्यामुळे जाणते लोक आरएचसीएसएनंतर नोकरी धरतात, दोन वर्षे खऱ्या सर्व्हरवर काढतात आणि मुदत संपण्याआधी अ‍ॅन्सिबल या स्वयंचलनाच्या साधनावर बेतलेल्या आरएचसीईला बसतात. तोवर फी बहुधा कंपनीच भरते.